अण्णांचा शेवटचा पत्रा

शेजारची तन्वी परवा तिच्या लग्नाची पत्रिका दाखवायला आली. पुण्याची मुलगी. दोन वर्षं झाली, इथे राजाजीनगरात आमच्याच मजल्यावर राहते. दिवसभर कानात काहीतरी खुपसून हिंदी-इंग्रजीत बोलत असते आणि संध्याकाळी माझ्याकडे येऊन मराठीत जीभ मोकळी करते. माझी मराठी ऐकून हसते, तो भाग वेगळा. पत्रिका कागदावर नव्हतीच, फोनवर होती. वर गणपती. म्हणाली, "आजी, सोंड कुठल्या साइडला हवी असते? आई म्हणते डावीच पाहिजे." मी चष्मा पुसून बघितलं. उजवी होती. तसं सांगितलं. "एवढंच ना," म्हणाली आणि बोट टेकवलं. गणपती फिरला. सोंड डावी झाली, मोदक या हातातून त्या हातात गेला, उंदीर इकडच्या पायापाशी होता तो तिकडे जाऊन बसला. भाजीत मीठ टाकायला लागतो तेवढासुद्धा वेळ लागला नाही. मी उठून आत गेले आणि तांब्याभर पाणी प्यायले. बिचारीला वाटलं असेल, म्हातारीला पत्रिका आवडली नाही. तिला काय सांगणार होते? जे सांगायचं ते आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. पण या वयात मला खोटं बोलायचा कंटाळा आलाय, आणि ज्यांना लागेल अशी भीती होती ती माणसंही आता उरलेली नाहीत. म्हणून लिहून टाकते.

आमचं घर चामराजपेटेत, बाजाराकडे जाणाऱ्या रस्त्याच्या आतल्या गल्लीत होतं. तीन खोल्या एकामागे एक. पुढची कामाची, मधली झोपायची, मागची स्वैपाकाची. आम्ही तिघंच, अण्णा म्हणजे माझे वडील, आई आणि मी. माझ्या आधी दोन भावंडं होऊन गेली होती, त्यांचं नाव घरात कुणी काढत नसे. आम्ही इथले जुने मराठे. आमचे पूर्वज कुठल्याशा फौजेबरोबर इकडे आले असं प्रत्येक घरात सांगतात. खरं खोटं देव जाणे, पण आले ते परत गेले नाहीत एवढं खरं. घरात मराठी, दारात कन्नड. आई भाजीवाल्याशी स्वल्प कमी कर म्हणून भांडायची ती कन्नडमध्ये आणि देवाशी भांडायची ती मराठीत. शेजारी सिद्धण्णांचा छापखाना होता. त्यांचं यंत्र दिवसभर खडाड-खट, खडाड-खट करत राही, आणि आमच्या भिंतीवरची भांडी त्या तालावर थरथरत. रविवारी यंत्र बंद असलं की आम्हाला चुकल्याचुकल्यासारखं होई. थंडीत अख्ख्या गल्लीला अवरेकाळूचा वास. त्या ओल्या वालांची सालं काढायला आम्ही मुली पायरीवर बसायचो, आणि बोटं दोन-दोन दिवस त्या तेलकट वासानं भरून राहायची.

अण्णा तांब्याच्या पत्र्यावर चित्र कोरायचे. लग्नपत्रिकेवरचे गणपती, कलश, वेलबुट्ट्या, श्रीमंतांच्या नावाच्या चिठ्ठ्यांवरची, म्हणजे व्हिजिटिंग कार्डांवरची, मोरपिसं. कोरलेल्या रेघांत शाई भरायची, वरची पुसून टाकायची, ओला कागद ठेवून रुळाखालून काढायचा, की रेघन् रेघ कागदावर उठून येते. बोट फिरवलं तर लागते. चांगल्या घरच्या पत्रिकेची परीक्षा तीच होती, बोटाला गणपती लागला पाहिजे. कागदावर सुलटं यायचं तर पत्र्यावर सगळं उलटं कोरायचं. चित्र कागदावर पेन्सिलीनं काढायचं, तो कागद पालथा घालून घासायचा, म्हणजे पत्र्यावर आपोआप उलटं उमटतं. मग कोरणी घ्यायची. कोरणीचा लाकडी बोंडा तळव्यात, पातं बोटांत, आणि पत्रा वाळू भरलेल्या चामड्याच्या उशीवर. वळण आलं की हात फिरवायचा नाही, डाव्या हातानं पत्रा फिरवायचा. या कामाला आवाज जवळजवळ नसतोच. बारीक किर्र होते आणि तांब्याचा केसाएवढा कीस वर येतो. तो कीस आईच्या पायात रुते आणि मग आईचा आवाज होई.

अण्णांच्या टेबलावर एक जुनं चित्र टांगलेलं होतं. खिडकीपाशी बसून सुईत दोरा ओवणारी एक म्हातारी. सगळं नुसत्या रेघांचं, पण तिच्या चष्म्यात खिडकीसुद्धा दिसायची. हे चित्र कोरणारा माणूस बेल्जियमचा, माझ्या आजोबांच्याही आजोबांच्या काळातला. त्याचा एक शिष्य पुढे पाद्री होऊन आमच्या गावच्या दंडात, म्हणजे कॅन्टोन्मेंटात, मिशनच्या छापखान्यात आला. त्या पाद्र्याकडे माझे आजोबा शिकले आणि आजोबांकडे अण्णा. म्हणून अण्णा त्या बेल्जियमवाल्याला 'थोरले' म्हणत, घरातल्या कर्त्या पुरुषाला म्हणावं तसं. आईला वाटे, काय हे, कुठला कोण गोरा माणूस, आणि त्याच्या नावानं दसऱ्याला कोरण्यांना फूल वाहायचं. पण अण्णा वाहायचे.

थोरल्यांची कथा मी इतक्यांदा ऐकली की दुसऱ्याच्या तोंडून पुराण ऐकल्यासारखी पाठ झाली. पाव भाजणाऱ्याचा मुलगा. सुरुवात केली ती बंदुकांवर वेलबुट्टी कोरण्यापासून, कारण त्यांच्या गावात बंदुका व्हायच्या. ज्यानं मारायचं त्यालाही बंदूक सुंदर लागते, असं अण्णा म्हणत आणि मान हलवत. मग मोठ्या शहरात जाऊन शाळेत शिकले. मग पुस्तकांतली चित्रं, नोटांच्या कडा, सरदारांचे चेहरे. आणि मग त्यांनी आयुष्यातलं मोठं काम धरलं. तिथल्या एका चर्चमध्ये भिंतभर चित्र होतं, ते आडव्या हाताएवढ्या पत्र्यावर उतरवायचं. बारा वर्षं. बारा वर्षं एकच पत्रा! आई इथे हमखास विचारायची की त्याची बायको काय खात होती. अण्णा तिकडे लक्ष न देता सांगत, पत्रा पुरा झाला. आणि कथा तिथेच थांबवत. मी पुढचं विचारलं तर म्हणत, "पुढं काय, पत्रा पुरा झाला की." त्या म्हातारीच्या चित्राखाली उजव्या कोपऱ्यात मुंगीएवढ्या अक्षरांत थोरल्यांचं नाव होतं. मी एकदा विचारलं की तुम्ही का नाही घालत तुमचं नाव. अण्णा म्हणाले, "नाव कौतुकासाठी नसतं इंदू. चुकलं तर कुणाला धरायचं ते कळावं म्हणून असतं. लग्नपत्रिकेवर देवाचं नाव, नवरानवरीचं नाव. तिथं कोरणाऱ्याचं काय काम?" हे थोरल्यांचं वाक्य, पाद्र्यानं आजोबांना सांगितलेलं. मी तेव्हा नुसतं ऐकलं आणि सोडून दिलं.

अण्णांचे डोळे कधी जायला लागले ते आम्हाला कळलंच नाही, आणि त्यांनाही उशिरा कळलं असावं. दाराच्या चौकटीला खांदा आपटायचा. ताटातली चटणी दिसायची नाही, भात दिसायचा. रस्त्यात बाजूनं सायकल आली की दचकायचे. पण पत्र्यावरचं केसाएवढं काम सुरेख चाललेलं, म्हणून कुणाला शंका आली नाही. डॉक्टरांनी सांगितलं, काचबिंदू. कडेकडेनं दिसेनासं होतं आणि मधे तेवढं उरतं. अण्णांना एका वेळी पावलीएवढं दिसत होतं. तेही पुढे धुरकट होणार, आणि गेलेलं परत यायचं नाही. आईनं डॉक्टरांचं काही ऐकलं नाही. कुणीतरी तिला शेवग्याच्या पाल्याचं सांगितलं आणि आमच्या घरात रोज नुग्गे सोप्पू सुरू झालं. पाल्याची भाजी, पाल्याचं सारू, भाकरीच्या पिठातही पाला. दोन वर्षं. अण्णा काही न बोलता खात, मीही खात असे. आजही कुणाच्या घरून तो वास आला तर मी खिडकी लावून घेते.

काम थांबवणं शक्य नव्हतं, आणि डोळे गेले म्हणून सांगणंही शक्य नव्हतं. आंधळ्याकडे कोण गणपती कोरायला देईल? झाकली मूठ सव्वा लाखाची. मी लहानपणापासून अण्णांचा पत्रा उशीवर फिरवत आले होते, आधी खेळ म्हणून, मग त्यांना वळणं दिसेनाशी झाली म्हणून. कधी तरी कोरणीही माझ्याच हातात आली. त्यांनी दिली की मी घेतली, ते आता सांगता येत नाही. दुपारी जेवणं झाली की पुढच्या दाराला पडदा लागे. मी उत्तरेच्या खिडकीपाशी टेबलावर, आणि अण्णा पडद्याआड खुर्चीवर हातात एक कोरणी घेऊन बसत, कुणी आलंच तर दिसावी म्हणून. ते माझा हात बघत नसत, ऐकत असत. किर्र जरा जाड झाली की म्हणत, "खोल गेलीस." आणि मी गेलेलीच असे. आधी कलश केले, वेली केल्या, मोर केले. लोक म्हणत, केशवरावांचा, म्हणजे अण्णांचा, हात अजून तसाच आहे. मला काय गुदगुल्या व्हायच्या म्हणून सांगू! अठरा वर्षांची होते मी. पोरींना तेव्हा साडीचं कौतुक असे. मला वाटे, हा हात माझा आहे, आणि जगात ते दोघांनाच ठाऊक आहे.

मग गुंडूराव आले. आमच्याच जातीतले, जुन्या ओळखीचे, कचेरीत मोठ्या हुद्द्यावर. त्यांची शांता माझ्याबरोबर शाळेत होती, माझ्याहून एक वर्ष पुढे. दोन वेण्या, मोठं हसू, आणि अवरेकाळू सोलताना अर्धे खाऊन टाकायची. तिचं लग्न ठरलं होतं. मुलगा आनेकलला कारखान्यात सुपरवायझर, घरचा चांगला. गुंडूरावांची एकच इच्छा. त्यांच्या स्वतःच्या लग्नाच्या पत्रिकेवर माझ्या आजोबांनी कोरलेला गणपती होता, तोच लेकीच्या पत्रिकेवर हवा. ती पत्रिका काही त्यांच्याकडे उरली नव्हती, ट्रंकेत वाळवी लागली होती. आमच्याकडे छाप नव्हता, पण आजोबांचा पत्रा होता. मात्र इतके छाप निघून रेघा झिजलेल्या, शाई धरेना. अण्णा म्हणाले, तसाच नवीन करतो. गुंडूराव गेल्यावर मला म्हणाले, पत्र्यावर पातळ कागद ठेव, पेन्सिल घास, रेघा उठतील, त्यावरून कर. मी कागद ठेवला, पेन्सिल घासली. आजोबांचा गणपती पांढऱ्या रेघांनी वर आला. मग तो कागद मी नेहमीसारखा नव्या पत्र्यावर पालथा घातला.

या धंद्यातलं माणूस हे वाचत असेल तर इथेच कपाळावर हात मारेल. नेहमी आम्ही सुलट्या चित्रावरून काम करायचो, म्हणून ते पालथं घालायचं. हा कागद पत्र्यावरून घेतलेला होता, म्हणजे मुळातच उलटा. तो पालथा घातल्यावर माझ्या पत्र्यावर गणपती सुलटा आला आणि छापात उलटा येणार होता. डाव्या सोंडेचा बाप्पा उजव्या सोंडेचा. तुम्ही म्हणाल, पोरी, डोळे होते ना तुला? होते. पण आम्ही लोक गणपती बघतच नाही, रेघ बघतो. आयुष्यभर उलटं बघून डाव्या-उजव्याचं डोळ्याला काही वाटेनासंच होतं. अण्णा नेहमी चित्र पालथं घालायला सांगत, त्या दिवशी न सांगताही मी घातलं, आणि पालथं घालू नको हे सांगायचं त्यांना सुचलं नाही. सवयीनं हात आपोआप गेला. एवढीच चूक.

एकवीस दिवस लागले. मी इतकं चांगलं काम आधी केलं नव्हतं आणि नंतर केलं नाही. पितांबराच्या चुण्या, कानाच्या शिरा, उंदराच्या मिशा. पहिला छाप निघाला तेव्हा तो ओला कागद दोन हातांत धरून मी रडले. अण्णांनी भिंग घेऊन तो पावली-पावली बघितला. आधी कान, मग मुकुट, मग सोंडेची वळणं, मग मोदक. त्यांना धुक्यातून रेघा दिसत होत्या. सगळा गणपती एकदम त्यांना दिसू शकतच नव्हता. मग बोट फिरवून बघितलं आणि म्हणाले, "सरी." कन्नडमध्ये 'बरोबर', एवढं एकच. मला ते पुरलं. खालचा मजकूर सिद्धण्णांनी छापला, ते लिंगायत, त्यांनी सोंडेकडे कशाला बघावं. पत्रिका गेल्या, आणि कुळाचार करून गावोगाव वाटल्याही गेल्या.

आठवड्यानं गुंडूराव एक पत्रिका घेऊन आले. त्यांची थोरली बहीण विधवा, सोवळ्याची. तिनं वाचायला घेतली आणि खाली ठेवली. उजव्या सोंडेचा गणपती कडक असतो, त्याचं सोवळं पाळावं लागतं, तो देवघरात चालतो, मांडवात नाही, असं आमच्यात मानतात. गुंडूराव रागावले नव्हते, गोंधळले होते. अण्णांनी पत्रिका हातात घेतली, पण ती बघून काय कळणार होतं? त्यांनी मला पत्रा आणायला सांगितलं. मांडीवर ठेवून अंगठा फिरवला. सोंडेवरून फिरवला, परत फिरवला. तिथे त्यांचा अंगठा थांबला. मला सगळं एका क्षणात कळलं, तो पालथा कागदही दिसला. अण्णा म्हणाले की चूक माझी, दुसऱ्या करून देतो. गुंडूराव म्हणाले, आता कुठं, वाटून झाल्या. भटजींना बोलावून शांत करून घेऊ. माणूस भला होता. चहा पिऊन गेले.

भटजी येऊन शांत झाली. त्यानंतर नऊ दिवसांनी आनेकलहून येणारी बस उलटली आणि त्यात तो मुलगा गेला. लग्नाला बारा दिवस होते.

कावळा बसायला अन् फांदी मोडायला, असं म्हणतात. आज मी म्हणते. त्या दिवसांत कुणी म्हणालं नाही, मीसुद्धा नाही. मला खात्रीच होती की मी त्याला मारलं. तीन माणसं मेली होती त्या बसमध्ये, बाकीच्या दोघांच्या घरी कुठल्या पत्रिका छापल्या होत्या, हा विचार मनात यायला मला वीस वर्षं लागली. आणि मग नळावरून बातमी आली. सिद्धण्णांच्या बायकोनं सहज कुणाला तरी सांगितलं होतं की केशवरावांची पोर दुपारभर पडदा लावून टेबलावर बसते. ते गुंडूरावांच्या बहिणीपर्यंत गेलं. पोरीनं कोरला गणपती? आणि कुठल्या दिवसांत बसली होती म्हणे? एकवीस दिवस काम चाललं होतं. बायकांना हिशोब सांगायला नको. हो, त्या दिवसांतही बसले होते. पितांबर त्याच दिवसांत कोरलं. आईला हे नळावरच कुणीतरी तोंडावर विचारलं. ती रिकामी घागर घेऊन घरी आली आणि जमिनीवर बसली. माझं लग्न व्हायचं होतं. हे ठरलं असतं तर मला या गावात कुणी दारात उभं केलं नसतं, आणि अण्णांचे डोळेही उघड्यावर आले असते.

मी अण्णांना म्हणाले की मी जाऊन सांगते. खरंच म्हणाले, आणि मनातून देवाची करुणा भाकत होते की त्यांनी नको म्हणावं. ते उठून टेबलापाशी गेले. वर्षभरात पहिल्यांदा माझ्या जागेवर बसले, पत्रा मागितला, सगळ्यात बारीक कोरणी मागितली. भर दुपारचा लख्ख उजेड होता, त्यांना त्याचा काही उपयोग नव्हता. डाव्या अंगठ्यानं उजवा कोपरा शोधला आणि तिथे नाव कोरायला लागले. मी हात धरायला पुढे झाले.

"तू शिवू नको त्याला," ते म्हणाले.

नऊच अक्षरं, पण कितीतरी वेळ लागला. मधे एकदा कोरणी सुटली, तांब्यावर एक लांब ओरखडा गेला आणि पातं डाव्या अंगठ्यात शिरलं. त्यांनी अंगठा धोतराला पुसला आणि पुढचं अक्षर शोधलं. आई दारात उभी होती, हातात शेवग्याची जुडी, पाला जमिनीवर गळत होता. झाल्यावर मला म्हणाले, आरसा घे आणि वाच. मी दाढीचा आरसा धरला. 'केशव, चामराजपेट.' उलटं कोरलेलं, आरशात सुलटं, एक काना चुकला नव्हता.

"नीट आहे?"

"नीट आहे."

"मग ऐक. या पत्र्याला तू कधी हात लावला नाहीस. कुणी विचारलं तर नाही, आणि कुणी नाही विचारलं तरी नाही."

दुसऱ्या दिवशी गुंडूराव आले, बहीण होती आणि मागे शांताही होती. तिला का आणलं होतं कोण जाणे, बहुधा तीच आली असेल. गुंडूरावांचा चेहरा आठ दिवसांत म्हातारा झाला होता. त्यांनी सरळ विचारलं की खरं सांगा, कुणी कोरलं. अण्णांनी पत्रा आणि आरसा पुढे केला. म्हणाले, खाली नाव आहे, पत्रिका छापताना तेवढी शाई पुसून घेतो, वाचा. गुंडूरावांनी वाचलं, बहिणीला दाखवलं. तिनं आरसा खाली ठेवला. मी मधल्या दाराआड होते. मला शांता दिसत होती, तिच्या वेण्या सुटलेल्या होत्या. ती उंबऱ्याच्या आत आली आणि अण्णांकडे बघून अगदी हळू म्हणाली, "ज्या डोळ्यांनी हे कोरलंत ना काका, ते डोळे जातील तुमचे."

अण्णा तिच्या आवाजाच्या दिशेनं वळले आणि म्हणाले, "होय ग बाळ." मी दाराआडून हलले नाही.

त्यानंतर आमच्याकडे कुणी काम घेऊन आलं नाही. वर्षभरात अण्णांची उरलेली पावलीही गेली, आणि आता ती लपवायची गरज उरली नाही. सगळ्या पेटेत बोलणं झालं की शांताचा तळतळाट लागला. आईनं पाला आणणं बंद केलं. मला वाटलं होतं की सुटका वाटेल, पण त्या दिवशी ताटात साधं हुळी-भात, आपला वरण-भातच, बघून आम्हा तिघांनाही घास जाईना. अण्णा पायरीवर बसून असत. एकदा त्यांनी आपण होऊन थोरल्यांच्या कथेचा शेवट सांगितला. पत्रा पुरा झाला तोवर फोटो निघाले होते. बारा वर्षांचं काम कुणी घेतलं नाही. मग थोरल्यांनी तो पत्रा घासून सपाट केला आणि तुकडे करून त्यावर लोकांच्या नावाच्या चिठ्ठ्या कोरल्या. मी विचारलं, रडले नसतील का हो ते. अण्णा म्हणाले, एवढा पत्रा घासायला महिने लागतात, तेवढ्यात माणसाचं रडून होतं. थोड्या वेळानं म्हणाले, "आपला तो घासू नको हां. नाव आहे त्याच्यावर." चार वर्षांनी ते गेले. तोवर माझं लग्न झालं होतं, चांगल्या घरी झालं. कोरणी मी पुन्हा हातात धरली नाही.

इथं थांबवलं असतं तर बापाच्या त्यागाची गोष्ट झाली असती. माझा खरा गुन्हा पुढेच आहे. पुष्कळ वर्षांनी चामराजपेटेच्या बस स्टॉपवर मला शांता भेटली. लग्न केलं नाही तिनं, म्हणजे झालं नाही. शाळेत शिकवत होती, केस पिकले होते, हसू मात्र तेच, फक्त उशिरा यायचं. बोलता बोलता तिनं माझा हात धरला. म्हणाली, "इंदू, त्या दिवशी माझ्या तोंडून गेलं ते तुझ्या अण्णांना लागलं ग. एका म्हाताऱ्या माणसाचे डोळे घेतले मी. रोज देवापुढे माफी मागते." तिचे डोळे भरले होते. मला एकच वाक्य बोलायचं होतं, की बाई, ते आधीच गेले होते, तुझा काही संबंध नाही. एकच वाक्य. पण ते बोलले असते तर तिनं पुढचं विचारलं असतं, मग कोरलं कुणी? माझी सून आली होती नुकती घरात, नातू व्हायचा होता. मी म्हणाले, "असू दे ग, जुनं झालं." माझी बस आली, मी चढले. खिडकीतून बघितलं तर ती पदरानं डोळे पुसत होती. पुढे कितीतरी वर्षं ती माफी मागत राहिली असेल, रोज, माझ्या चुकीची. मागच्या वर्षी ती गेली. मला तिसऱ्या दिवशी कळलं.

परवा तन्वी गेल्यावर मी कपाटातून पत्रा काढला. जुन्या धोतराच्या फडक्यात बांधलेला आहे. डोळे आता माझेही फारसे चांगले नाहीत, पण बघायची गरज नसते. बोट फिरवलं की कान लागतो, मुकुट लागतो, सोंड लागते, चुकीच्या बाजूची. खाली कोपऱ्यात तो ओरखडा लागतो आणि मग नाव. त्या पत्र्यावरच्या सगळ्या रेघा माझ्या आहेत, नाव तेवढं अण्णांचं. थोरल्यांचा नियम मी आयुष्यभर मोडला. चुकलं तर कुणाला धरायचं ते कळावं म्हणून नाव घालायचं असतं, म्हणून आज इथे खाली घालते.

कोरलं मी. इंदू, केशवरावांची मुलगी, चामराजपेट.